भाषाशास्त्र की परदेशात इंग्रजी शिकवणं? बीए (इंग्रजी) नंतरचं नियोजन

कानामात्रा
बीए इंग्रजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीपासून इंग्रजी. दोन वाटा डोक्यात आहेत. एक म्हणजे एमए भाषाशास्त्र आणि जमलं तर पुढे परदेशात पीएचडी. दुसरी म्हणजे सेल्टासारखा (इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण देणारा केंब्रिजचा) कोर्स करून जपान, कोरिया, व्हिएतनाम किंवा आखातात इंग्रजी शिकवणं. भाषाशास्त्रात एमए असलं की इंग्रजी शिकवण्याची नोकरी सोपी होते का? ऑनलाइन १२० तासांचं प्रमाणपत्र आठ-दहा हजारांत मिळतंय, ते चालेल का? जाणकारांनी सविस्तर लिहावं. कागदपत्रांबद्दलही लिहिलंत तर फार मदत होईल.

विसर्गसंधी
पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, फारशी सोपी होत नाही. हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. भाषाशास्त्राच्या एमएमध्ये वर्गात शिकवण्याचा सराव नसतो, आणि सेल्टात संशोधन नसतं. मालकाला पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र, अनुभवाचे तास आणि पासपोर्ट दिसतो. भाषाशास्त्र हा विषय त्याच्या यादीत बहुतेक वेळा 'कुठलीही पदवी' या रकान्यात जातो.

कुठली वाट आपली, हे ठरवायला एक कसोटी घे. 'मी आंबा खाल्ला' आणि 'त्याने आंबा खाल्ला' ही वाक्यं शेजारी ठेव. तिसऱ्या पुरुषात 'ने' लागतो, पहिल्या-दुसऱ्यात लागत नाही. आता 'तू पोळी खाल्लीस' बघ. 'खाल्ली' हे रूप पोळीच्या लिंगाशी जुळलं आणि शेवटचा 'स' 'तू'शी जुळला. एका क्रियापदावर कर्माची खूण आहे आणि कर्त्याचीही. हिंदीतल्या 'तूने रोटी खाई' मध्ये कर्त्याची खूण क्रियापदावर नाही. मराठीत हे का घडतं, जुन्या मराठीतल्या 'म्यां'चं ('मी'ला 'ने' लागल्यासारखं रूप) काय झालं, कुठल्या बोलीत आजही वेगळं रूप आहे, यावर आठवडाभर डोकं घालावंसं वाटलं तर भाषाशास्त्र तुझं.

दुसरी कसोटी. 'आय यूज्ड टू लिव्ह इन पुणे' याचा अर्थ मराठी किंवा हिंदीचा एकही शब्द न वापरता, व्याकरणाची संज्ञा न उच्चारता, बारा प्रौढ विद्यार्थ्यांना पाच मिनिटांत पोहोचवायचा. हे करताना मजा येत असेल तर वर्ग तुझा.

खडूफळा
सेल्टाबद्दल नेमकं लिहिते, कारण '१२० तास' या आकड्यावर खूप मुलं फसतात.

सेल्टातही किमान १२० तास असतात आणि स्वस्तातल्या ऑनलाइन प्रमाणपत्रावरही १२० तासच छापलेले असतात. फरक आतल्या सहा तासांचा आहे. सेल्टात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर, प्रशिक्षकाच्या देखत, सहा तास शिकवावं लागतं. साधारण ४०-४५ मिनिटांचे आठ पाठ, दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या वर्गांवर. त्याशिवाय अनुभवी शिक्षकांचे सहा तास बघायचे आणि ७५० ते १००० शब्दांचे चार लेखी प्रकल्प द्यायचे. केंब्रिजकडून बाहेरचा मूल्यमापक येऊन केंद्र तपासतो. ट्रिनिटी सर्टटेसॉल या तशाच दुसऱ्या कोर्समध्येही सहा तासांचं प्रत्यक्ष अध्यापन आहे. शिवाय त्यात अनोळखी भाषेचे काही धडे स्वतः विद्यार्थी म्हणून घेऊन त्यावर लिहायचं असतं, तो भाग फार उपयोगी. जाहिरातीत 'सेल्टा किंवा समकक्ष' लिहिलेलं असतं तेव्हा या सहा तासांबद्दल विचारलेलं असतं. आठ हजारांच्या प्रमाणपत्रात ते शून्य आहेत.

पूर्णवेळ कोर्स चार-पाच आठवड्यांचा. त्या काळात दुसरं काहीही करता येत नाही, हे घरी आधीच सांगून ठेव. खर्च लाखाच्या वर जातो. प्रवेशाआधी एक लेखी काम आणि मुलाखत असते. तिथेच बरेच जण अडखळतात, कारण 'आय हॅव सीन' आणि 'आय सॉ' यातला फरक उदाहरणानं सांगता येत नाही. आपल्याकडे व्याकरण नियम म्हणून पाठ असतं, अर्थ म्हणून तपासलेलं नसतं.

कोर्समध्ये कुठे गाडी अडते तेही सांगते.

शिक्षकच जास्त बोलतो. आपल्या कॉलेजांत व्याख्यान ऐकायची सवय असते, ती वर्गात तशीच उतरते. ४५ मिनिटांत विद्यार्थ्यांनी तीस मिनिटं तरी काम करायला हवं, आपण नव्हे.

'डू यू अंडरस्टँड?' असा प्रश्न. याला सगळे मान हलवतात आणि आपल्याला काहीच कळत नाही. 'यूज्ड टू' शिकवल्यावर विचारायचं: तो आता पुण्यात राहतो का? पूर्वी राहायचा का? एक दिवस की बराच काळ? उत्तरं 'नाही, हो, बराच काळ' अशी आली तरच अर्थ पोहोचला.

पाठाच्या आराखड्यातलं भाषाविश्लेषण. प्रत्येक रचनेचा अर्थ, रूप, उच्चार आणि विद्यार्थी कुठे चुकतील याचा अंदाज लिहायचा असतो. हे काम रात्री अकराला सुरू केलं की दुसऱ्या दिवशीचा पाठ ढासळतो. आदल्या महिन्यात काळ, मोडल क्रियापदं आणि जर-तरची वाक्यं या पद्धतीनं लिहून ठेव, म्हणजे कोर्समध्ये श्वास घ्यायला वेळ मिळेल.

जोडाक्षर
उच्चाराबाबत खडूफळा यांना जोड देतो. मराठी भाषकांना सतत सांगितलं जातं की 'व' सुधारा, कारण इंग्रजीतले दोन वेगळे ध्वनी आपण एकाच 'व'मध्ये बसवतो. ते खरं आहे. पण जास्त घोटाळा 'प, ट, क'च्या कुटुंबात होतो. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला आलेले हे ध्वनी जरा महाप्राण (श्वासाच्या झोतासह) असतात. आपल्याकडे 'प' आणि 'फ' वेगळे मोजले जातात, म्हणून आपण शुद्ध 'पेन' म्हणतो आणि परक्या कानाला ते 'बेन' ऐकू येतं. शब्दावरचा आघातही तसाच: 'फोटोग्राफ'मध्ये पहिल्या अवयवावर (सिलॅबलवर), 'फोटोग्राफी'मध्ये दुसऱ्यावर. आपण दोन्हीकडे सगळे अवयव सारख्याच वजनानं उच्चारतो.

हे विलायती वळण आणण्यासाठी नाही. भारतीय इंग्रजी ही पूर्ण, प्रतिष्ठित इंग्रजी आहे. पण जपानी विद्यार्थ्याला ध्वनी समजावून द्यायचा तर शिक्षकाला तो जाणीवपूर्वक काढता यायला हवा. मूळ प्रश्नाचं एक वेगळं उत्तरही यात आहे. भाषाशास्त्राचं एमए नोकरी मिळवायला कमी उपयोगी, पण मिळालेली नोकरी चांगली करायला फार उपयोगी.

निळी_शाई
आता देशवार. इथे गुणवत्तेआधी पासपोर्ट आणि माध्यम बघतात. हे अन्याय्य आहे, पण नियोजन त्यावरच करावं लागतं.

जपान: कानामात्रा, तुझ्यासाठी हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. सरकारी शाळांतल्या सहायक शिक्षकाला लागतो तो 'इन्स्ट्रक्टर' प्रकारचा व्हिसा. परकी भाषा शिकवायची असेल तर त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं, अशी अट आहे. तुझी अकरावी-बारावीची दोन आणि बीएची तीन मिळून पाच होतात. एमए धरलं तरी सात. ज्यांचं पहिलीपासून इंग्रजी माध्यम आहे त्यांनी शाळा आणि कॉलेज दोन्हीकडून माध्यमाचा दाखला घ्यावा, नुसती गुणपत्रिका पुरत नाही. खासगी संभाषण वर्ग, ज्यांना तिथे 'एइकाइवा' म्हणतात, त्यांचा व्हिसा वेगळ्या प्रकारचा असतो आणि त्याला पदवी पुरते. पण अनेक कंपन्या आपण होऊन १२ वर्षांची अट लावतात. अर्ज करण्याआधी ईमेलवर विचारून घे.

कोरिया: 'ई-२' व्हिसा मुळात सात देशांच्या पासपोर्टधारकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारात भारतीयांना सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून वाट आहे, मात्र पदवीसोबत शिक्षकाची अधिकृत पात्रता लागते. व्यवहारात ही वाट फार अरुंद आहे. त्यावर आयुष्याचा आराखडा बांधू नये.

व्हिएतनाम, थायलंड: पदवी आणि अध्यापनाचं प्रमाणपत्र असलेल्या भारतीयांना कामं मिळतात. इंग्रजी 'मातृभाषा' नसलेल्यांकडून भाषेच्या परीक्षेचे गुण मागतात आणि पगार बहुधा कमी देतात. करार सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी हव्यात: वर्क परमिट कोण काढणार, त्याचा खर्च कुणाचा, आणि आठवड्याचे तास नुसते वर्गाचे की तयारीसकट. 'पर्यटक व्हिसावर या, आल्यावर बदलून देऊ' असं कुणी म्हणालं की बोलणं तिथेच थांबव. पकडले गेल्यावर दंड शिक्षकाला होतो, परत पाठवतात तेही शिक्षकालाच.

आखात: इथे सेल्टापेक्षा बीएडला वजन आहे, कारण मागणी मुख्यतः शाळांची आहे आणि त्यात सीबीएसईच्या शाळा मोठ्या संख्येनं आहेत. पदवीचा विषय इंग्रजी, बीएडची मुख्य अध्यापन पद्धतीही इंग्रजी, आणि दोनेक वर्षांचा अनुभव असं जुळलं तर अर्ज टिकतो. विद्यापीठांच्या पायाभूत इंग्रजी विभागांत एमए, सेल्टा आणि प्रौढांना शिकवल्याचा अनुभव असं तिहेरी मागतात.

कानामात्रा
१२ वर्षांच्या अटीबद्दल कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे जपानच्या सरकारी शाळा बाद. मनापासून धन्यवाद. निळी_शाई, तुम्ही अनुभव म्हणता तो पुण्यातल्या स्पोकन इंग्लिश क्लासमधला चालतो का?

निळी_शाई
चालतो, पण पत्र नीट लिहून घे. 'यांनी आमच्याकडे उत्तम काम केलं' या पत्राचा उपयोग नाही. लेटरहेडवर सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आठवड्याचे तास, एकूण तास, विद्यार्थ्यांचं वय आणि पातळी, वर्गातली संख्या, वापरलेलं पाठ्यपुस्तक आणि सही करणाऱ्याचा कार्यालयीन ईमेल हवा. क्लास बंद पडले की पत्र मिळत नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी मागून घ्यायचं.

विसर्गसंधी
भाषाशास्त्राच्या वाटेवर आता जरा थांबू, कारण तिच्याबद्दल मराठीत माहिती कमी मिळते.

महाराष्ट्रात पुण्याचं डेक्कन कॉलेज हे या विषयाचं जुनं पीठ. १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून त्याची नवी सुरुवात झाली तेव्हापासून तिथे भाषाशास्त्र आहे. मुंबई विद्यापीठातही विभाग आहे. बाहेर हैदराबाद विद्यापीठ, इफ्लू (हैदराबादचंच इंग्रजी आणि परकी भाषांचं विद्यापीठ), जेएनयू, दिल्ली विद्यापीठ. पीएचडीसाठी दिल्ली, मुंबई, मद्रास इथल्या आयआयटींचे मानव्यविद्या विभागही बघ. संगणकीय भाषाशास्त्राला हैदराबादची ट्रिपलआयटी.

एमएच्या दोन वर्षांत स्वनविज्ञान (उच्चारातले ध्वनी), स्वनिमविचार (भाषेतली ध्वनिव्यवस्था), रूपविचार (शब्दांची घडण), वाक्यविचार, अर्थविचार हा पाया पक्का झालाच पाहिजे. त्याबरोबर तीन साधनं हाताखालून जाऊ देत: ध्वनी मोजायला 'प्रात', ध्वनिचित्रफितीवर टिपण करायला 'एलान', शब्दकोश आणि रूपविश्लेषणाला 'फ्लेक्स'. तिन्ही विनामूल्य आहेत. आकडेवारीसाठी 'आर' ही संगणकभाषा शीक. 'संख्याशास्त्र नको म्हणून कलाशाखा घेतली' असं असेल तर ही भीती एमएच्या पहिल्या सत्रातच मोडायला हवी.

विषय शोधायला लांब जायची गरज नाही. जळगाव जामोदच्या परिसरातली निहाली ही कुठल्याही ज्ञात भाषाकुळात न बसणारी भाषा आहे. मेळघाटात ऑस्ट्रोआशियाई कुळातली कोरकू आहे. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये मराठी, कन्नड, उर्दू एकमेकींच्या वाक्यरचनेत कशा मिसळल्या यावरचा गंपर्झ आणि विल्सन यांचा १९७१ चा लेख आजही जगभरच्या वर्गांत वाचला जातो. आणि रोजच्या बोलण्यात 'आपण' आणि 'आम्ही' यांत ऐकणाऱ्याला धरण्या-वगळण्याचा जो फरक आपण सहज करतो, तो हिंदीत किंवा इंग्रजीत सर्वनामांत नाही. परदेशी विद्यापीठाला मराठी भाषक विद्यार्थी हवासा वाटतो तो यामुळे. इंग्रजीवर लिहिणारे हजारो आहेत, मराठीच्या वाक्यरचनेवर नेमकं काम करणारे मोजके.

क्षेत्रकार्यात, म्हणजे गावात जाऊन बोली गोळा करताना, सर्वांत जास्त नासाडी ध्वनिमुद्रणात होते. फोनच्या व्हॉइस मेसेजवर घेतलेला आवाज दाबला जातो आणि स्वनविज्ञानाच्या मोजमापाला कुचकामी ठरतो. वेव्ह प्रकारची फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, कपड्याला लावायचा माइक, पंखा बंद. बोलणाऱ्याची संमती आधी घ्यायची, आणि गाव, वय, घरातल्या भाषा, तारीख ही नोंद त्याच दिवशी करायची. महिन्याभरानं शंभर फायली उघडल्या की कुठला आवाज कुणाचा हे कुणालाच सांगता येत नाही.

रविवार_पेठ
नेट या प्राध्यापकीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेबद्दल: भाषाशास्त्राचा विषय क्रमांक ३१. तीन तासांत दोन पेपर, १५० प्रश्न, ३०० गुण, चुकीला वजाबाकी नाही. जेआरएफसाठी (नेटमधून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती) वयाची सर्वसाधारण मर्यादा ३० वर्षं आणि २०२३ पासून रक्कम महिना ३७,००० रुपये. पीएचडी भारतात करायची असेल तर जेआरएफ मिळाल्याशिवाय सुरू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिष्यवृत्तीविना पीएचडी पाच वर्षं ओढत नेणं घराला परवडत नाही, आणि महाराष्ट्रात भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या आहेत.

भाषा-तंत्रज्ञानातल्या कामाबद्दलही सांगतो. पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था आहे, देशभर भाषिणीसारखे भारतीय भाषांच्या भाषांतराचे सरकारी प्रकल्प आहेत, खासगी कंपन्या संगणकाला शिकवण्यासाठी मराठी वाक्यांवर व्याकरणाच्या खुणा करून घेतात. पण नुसतं खुणा करण्याचं काम बहुधा कंत्राटी असतं, सहा महिन्यांनी संपतं. पायथॉन येत असेल आणि खुणांची नियमावली लिहिता येत असेल तर जागा वरची मिळते. 'युनिव्हर्सल डिपेंडन्सीज' या अनेक भाषांच्या खुल्या संग्रहात मराठीची जी वाक्यपेढी (वाक्यरचनेच्या खुणा केलेली वाक्यं) आहे तिच्यात जेमतेम साडेचारशेच्या वर वाक्यं आहेत. तिथे काम करायला कितीतरी वाव आहे, आणि एमएच्या प्रबंधासाठीही तो विषय उत्तम.

जोडाक्षर
परदेशी पीएचडी/एमए:

अमेरिकेत भाषाशास्त्राच्या चांगल्या विभागांत पीएचडीला शुल्कमाफी आणि पाचेक वर्षांचं मानधन मिळतं, त्या बदल्यात अध्यापन सहायकाचं काम. स्वतःच्या पैशानं एमए करायला तिकडे जाऊ नये. अर्जांच्या तारखा डिसेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत येतात, म्हणजे तयारी त्याआधीच्या जून-जुलैत सुरू. अर्जात सर्वांत वजनदार असतो संशोधनाचा नमुना: पंधरा-वीस पानं, एकच प्रश्न, मराठीची उदाहरणं तीन ओळींत, म्हणजे मूळ वाक्य, शब्दागणिक विश्लेषण आणि भाषांतर. 'लहानपणापासून भाषांची आवड आहे' या वाक्यानं सुरू होणारं उद्देशपत्र वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. तिथे तुझा प्रश्न लिही. शिफारसपत्रं तीन लागतात, आणि ती तुझं लेखन वाचलेल्या शिक्षकांचीच असू देत. प्राचार्यांच्या सहीला इथे वेगळी किंमत नाही.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतांश ठिकाणी शिकवणी शुल्क नाही. पॉट्सडॅम आणि सारब्रुकेन भाषाशास्त्रासाठी चांगली. ट्युबिंगेन, स्टुटगार्ट, कॉन्स्टान्झही चांगली, पण ती बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात आहेत आणि तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्रामागे १५०० युरो पडतात. भारतीयांना आधी एपीएसचा (भारतीय शैक्षणिक कागद तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचा) दाखला लागतो, शुल्क १८,००० रुपये. त्याला वेळ लागतो, म्हणून सर्वांत आधी तोच अर्ज. व्हिसासाठी गोठवलेल्या खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा, जाण्याआधी पुन्हा बघून घ्यावा). आणि इथेच बीए इंग्रजीवाले अडकतात: त्या एमएला पदवीत भाषाशास्त्राचे ठरावीक श्रेयांक (क्रेडिट) मागतात. आपल्या बीएत एखाद-दुसराच पेपर असतो, त्यामुळे अर्ज छाननीतच जातो. आधी इथलं एमए करून मग जाणं जास्त खात्रीचं.

कानामात्रा
मग असं ठरवतेय: आधी डेक्कन कॉलेज किंवा हैदराबादला एमए. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात पैसे जमले तर सेल्टा. बीएड तूर्त नाही. कागदपत्रं मात्र आत्ताच सुरू करू का?

खडूफळा
क्रम चांगला आहे. फक्त सेल्टा करून दोन वर्षं वर्गापासून लांब राहू नकोस, हात बसलेला असतानाच कुठेतरी शिकवायला लाग. आखात मनात आलं तर मात्र बीएड टाळता येणार नाही, तेव्हा पुन्हा विचार कर.

निळी_शाई
कागद आत्ताच सुरू कर. तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र बाहेर चालत नाही, दीक्षान्त समारंभानंतरचं मूळ प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज वेळेत भर. मग शैक्षणिक कागदांची राज्य शासनाच्या पातळीवर पडताळणी, नंतर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. जपान, कोरिया हे देश अपॉस्टिलच्या करारात आहेत, म्हणजे मंत्रालयाचा हा एकच शिक्का तिथे चालतो. यूएई, कतार, कुवेतला मात्र पुढे त्यांच्या दूतावासाचा शिक्काही लागतो. पोलिसांचा चारित्र्य दाखला पासपोर्ट सेवेच्या पोर्टलवरून, ५०० रुपये. तो मात्र आत्ता काढू नकोस, बहुतेक ठिकाणी ताजाच मागतात.

एजंटकडून जायचंच असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी बघ. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. लाख-दीड लाख मागणारा माणूस नियमाबाहेर आहे.

आणि नाव तपास. आपल्या बोर्डाच्या आणि विद्यापीठाच्या कागदांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि कधीकधी शेवटी आईचं. पासपोर्टवर दिलेलं नाव आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. परदेशी कार्यालय शेवटचा शब्द आडनाव समजतं, आणि आईचं नाव आडनाव म्हणून व्हिसाच्या कागदावर चढतं. अर्जात सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव भर, आणि दोन्ही रूपं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून इंग्रजीत करून ठेव. दहावीच्या गुणपत्रिकेत एखादं अक्षर जरी वेगळं असेल तर बोर्डाकडे दुरुस्तीचा अर्ज याच सुट्टीत टाक, त्यालाच सर्वांत जास्त महिने लागतात.

कानामात्रा
दहावीच्या गुणपत्रिकेत वडिलांच्या नावात एक 'एच' जास्त आहे. सोमवारी शाळेत जाऊन अर्ज घेते.